बिजागरी ओळखणारा नायक

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या पहिल्या चित्रपटात, पोर्ट रॉयलच्या तुरुंगात किल्ल्यांचा जुडगा एका कुत्र्याच्या तोंडात असतो. कैदी गजांतून हाडूक दाखवून त्याला बोलावत बसतात. कुत्रा येत नाही. पुढे एकटा उरलेला चाचा जॅक स्पॅरोही तेच हाडूक हातात घेऊन कुत्र्याची मनधरणी करतो, आणि तोही हरतो. मग तरुण लोहार विल टर्नर येतो. त्याला किल्ली नकोच असते. या कोठड्या बांधल्या गेल्या तेव्हा त्याचाही हात लागलेला आहे, त्यामुळे बिजागऱ्या कोणत्या जातीच्या आहेत हे त्याला ठाऊक आहे. तो बाजूचा बाक उचलतो, त्याचं टोक गजांत सरकवतो, दुसऱ्या टोकावर भार टाकतो आणि अख्खं दार चौकटीतून वर उचलून पाडतो.

मालिकेतला हा पहिला चित्रपट 2003 चा. त्यातल्या जॅकसाठी जॉनी डेपला ऑस्करचं नामांकन मिळालं, ते हक्काचंच होतं. पण त्या झगमगाटात ओरलँडो ब्लूमचा विल 'प्रेमात पडलेला देखणा मुलगा' एवढ्यावर मिटवला गेला. गप्पांत जॅकची चाल निघते, त्याची टोपी निघते, उत्तर दिशा न दाखवणारं होकायंत्र निघतं. दार कुणी काढलं ते कुणाला आठवत नाही.

ठाण्यातल्या आम्हा काही चाहत्यांचं म्हणणं असं की विल हा कारागीर नायक आहे. एखादी गोष्ट कशी घडवली आहे, ती कुठे धरते आणि कुठे सुटते, याची जाण हेच त्याचं खरं शस्त्र. तो ठाम उभा राहू शकतो तोही याच बळावर. हे दिसायला हवं असेल तर त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हातांकडे बघायला हवं. पुढे काय काय बघायचं ते लिहिलं आहे. कथेतलं बरंच काही उघड होणार आहे, तेव्हा चित्रपट पाहिले नसतील तर आधी पाहून या.

दारापासूनच सुरुवात करू, कारण ती युक्ती खरोखर चालते.

बिजागरीचा एक प्रकार असा असतो की चौकटीवर उभी खुंटी बसवलेली असते आणि दारावरची नळी वरून तिच्यावर बसवलेली असते. दार फक्त स्वतःच्या वजनाने बसून राहतं. बंगल्यांची, गोडाऊनची लोखंडी फाटकं आजही अशीच लावतात, म्हणजे रंगकामाच्या वेळी ती उचलून काढता येतात. आता हिशोब करा. समजा गजांचं दार 100 किलोचं आहे आणि बाक 2 मीटर लांब. टेकू दारापासून 20 सेंटिमीटरवर आला, तर पलीकडे 180 सेंटिमीटरची भुजा मिळाली. तरफेचा नऊपट फायदा, म्हणजे टोकावर साधारण 11 किलोचा भार पुरेसा. एका माणसाने अंग टाकलं तरी झालं. मात्र जेवढा जोर वाचतो तेवढी उंची गमवावी लागते. बाकाचं लांबचं टोक 45 सेंटिमीटर खाली गेलं तर दार वर येतं फक्त 5 सेंटिमीटर. खुंटी याहून लांब असेल तर दार उचललं जाईल, पण सुटणार नाही. विल 'योग्य तरफ आणि योग्य जोर' अशा अर्थाचं बोलतो त्यात हे सगळं आलं.

आणखी दोन गोष्टी जमून याव्या लागतात. बाक बिजागरीच्या बाजूला लावावा लागतो. कुलपाच्या बाजूने उचललं तर दार तिरकं होतं, नळ्या खुंट्यांवर वाकड्या चढतात आणि तिथेच आवळून बसतात. शिवाय कुलपाचा दांडा चौकटीच्या ज्या खाचेत शिरलेला असतो, तिच्यात वरच्या बाजूला दोन-पाच सेंटिमीटर मोकळी जागा लागते. ती असली की बिजागरीची बाजू आधी सुटते, दार त्या अंगाने बाहेर झुकतं आणि दांडा खाचेतून आडवा निघून येतो. कुलूप बंद ते बंदच राहतं. प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा दार कोणत्या बाजूने पडतं ते बघा.

यावर उपाय काय, तेही कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरला माहीत असतं. खालची खुंटी वर तोंड करून आणि वरची खुंटी खाली तोंड करून जोडायची. मग दार ना वर उचलता येतं, ना खाली. तुमच्या सोसायटीचं फाटक जाता-येता बघा. दोन्ही खुंट्या वरच बघत असतील तर ते विलला एका बाकाचं काम आहे.

ठाणेकरांना या प्रसंगात आणखी एक धागा सापडतो. आपलं मध्यवर्ती कारागृह आहे तो मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी तो 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि 1774 मध्ये इंग्रजांकडे गेला. चित्रपटाचा काळही अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला वाटतो. याच किल्ल्यातून 1816 मध्ये त्र्यंबकजी डेंगळे निसटले. खिडकीखाली घोड्याची निगा राखता राखता गाण्यातून निरोप पोहोचवणाऱ्या मोतद्दाराची गोष्ट अजून सांगितली जाते. गोऱ्या पहारेकऱ्यांना गाणं ऐकू येत होतं, पण मराठी कळत नव्हतं. तुरुंग फोडायला दर वेळी दारूगोळा लागत नाही. आतली एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आणि पहारेकऱ्याला नाही, एवढं पुरतं.

आता तलवार. विल पहिल्यांदा मोठा होऊन पडद्यावर येतो तो गव्हर्नर स्वॉनच्या दिवाणखान्यात, आरमारी अधिकारी नॉरिंग्टनच्या बढतीसाठी घडवलेली तलवार घेऊन. वाट बघताना तो भिंतीवरच्या मेणबत्तीच्या दिवलीला हात लावतो आणि ती तुटून हातात येते. गडबडून तो तिची दांडी लपवून टाकतो. लगेच पुढच्या क्षणी पेटी उघडली जाते आणि तोच गांगरलेला मुलगा तलवारीबद्दल बोलताना एकदम स्थिर होतो. घड्या घालून ठोकलेलं पोलाद, मुठीत सोन्याच्या तारेचं नक्षीकाम, आणि पात्याची मुठीत शिरणारी शेपटी जवळजवळ पात्याइतकीच रुंद. मग तो तलवार एका बोटावर आडवी तोलून दाखवतो, हवेत फिरवतो आणि मूठ पुढे करून परत देतो.

या चार वाक्यांत एकही शब्द शोभेचा नाही. जुन्या भट्टीतल्या लोखंडात मळी अडकलेली असायची आणि कार्बन सगळीकडे सारखा नसायचा. तापवून, दुमडून, पुन्हा ठोकलं की मळी निघते आणि पोलाद एकजीव होतं. दहा वेळा दुमडलं तर 1024 थर होतात. पण खरी मेख शेपटीची. ती बाहेरून दिसतच नाही, म्हणून आळशी कारागीर तिथेच हात आखडता घेतो. पातं जिथे एकदम अरुंद होऊन मुठीत शिरतं, तिथे काटकोनी कोपरा राहिला तर प्रत्येक घावाचा ताण त्या कोपऱ्यावर गोळा होतो. भेग तिथूनच सुरू होते. शोभेच्या स्वस्त तलवारींत तर पात्याच्या मागे बारीक सळई वेल्ड केलेली असते. जोरात फिरवली की पातं एकीकडे आणि मूठ हातात. विल गव्हर्नरला जे सांगतोय ते असं, की तुम्हाला न दिसणाऱ्या जागीही मी काम पूर्ण केलं आहे. त्याच्या स्वभावाची सगळी ओळख आम्हाला त्या एका वाक्यात सापडते.

यावर गव्हर्नर म्हणतो की तुझ्या मालकाला माझी शाबासकी कळव. मालक ब्राऊन कायम दारू पिऊन खुर्चीत घोरत असतो. विल फक्त एवढंच म्हणतो की आपल्या कामाचं चीज झालं की कारागिराला आनंदच होतो. खांद्यांची हालचाल नाही, आवाजात कडवटपणा नाही.

विलची वेशभूषा करून कार्यक्रमाला जायला अशी तलवार करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. खरं पातं नको. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या नियमांखाली येतं, आणि गर्दीच्या जागी तसंही ते धोक्याचंच. 10 मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमचे दोन थर आणि मधे पातळ पीव्हीसी नळी पुरते. अडचण अशी की फोमची तलवार सगळी पुढे जड होते आणि बोटावर तोलायचा तो प्रसंग करता येत नाही. उपाय मुठीच्या टोकाच्या गोळ्यात. समजा तलवार 300 ग्रॅमची आहे आणि तोल परजेपासून, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या पट्टीपासून, 25 सेंटिमीटर पुढे येतोय. तो 8 सेंटिमीटरवर आणायचा आहे आणि गोळा परजेच्या 12 सेंटिमीटर मागे आहे. तोल 17 सेंटिमीटर मागे आणायचा, म्हणजे 300 गुणिले 17, 5100. नव्या तोलबिंदूपासून गोळा 20 सेंटिमीटरवर. 5100 भागिले 20, म्हणजे 255 ग्रॅम. हार्डवेअरच्या दुकानातून तेवढ्या वजनाचे नट-वॉशर घ्या आणि इपॉक्सीत पक्के बसवा. नुसते कोंबले तर दोन दिवसांत खुळखुळायला लागतात. एकूण वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास जातं, दिवसभर कमरेला वागवता येतं.

लोहारशाळेतल्या द्वंद्वात पळत्या जॅकला अडवण्यासाठी विल हातातली तलवार फेकतो आणि ती दाराच्या कडीपाशी खोल रुतते. जॅक ओढतो, हलवतो, निघत नाही. मग तो वळून म्हणतो की आता तू निःशस्त्र आहेस. विल शांतपणे भट्टीतून दुसरं पातं ओढतो, टोक लाल झालेलं. इथे लोहारकामाची माहिती असलेला प्रेक्षक चपापतो. पोलादाला पाणी द्यायचं म्हणजे ते सुमारे 800 अंशांपर्यंत तापवायचं, लोहचुंबक चिकटेनासं झालं की तेलात किंवा पाण्यात बुडवायचं. मग ते काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा 220 ते 300 अंशांपर्यंत हलकं तापवून त्याला लवचीक करायचं. तयार तलवार लालबुंद केली की 600 अंशांच्या पुढे हे सगळं पाणी उतरलं. मग विलने चांगल्या तलवारीचा नाश केला का? आमचं उत्तर असं की भट्टीत ठेवलेलं पातं अजून घडायचंच होतं, त्याला पाणी दिलेलंच नव्हतं. लोहार तयार माल निखाऱ्यात ठेवत नाही.

इतक्या तलवारी कोण बनवतं, असं जॅक वैतागून विचारतो. मीच, आणि रोज तीन तास त्यांच्यावर सरावही करतो, हे विलचं उत्तर. ब्लूमच्या पायांकडे बघा. वजन पुढच्या पायावर सांडत नाही, मागचा पाय आडवा धरलेला, पावलं एकमेकांत अडकत नाहीत. चित्रपटाचे तलवारगुरू बॉब अँडरसन हे 1952 च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेले तलवारपटू. त्यांच्या तालमीची शिस्त विलच्या पावलांत दिसते. जॅक जागा बघून नियम मोडतो, विल नियमाने लढतो. शेवटी जॅक पिस्तूल रोखतो आणि बाजूला हो म्हणतो. विल दारात उभा राहतो. हातात काही नाही, समोर भरलेलं पिस्तूल, आणि तो हलत नाही. मागून ब्राऊन जागा होऊन जॅकच्या डोक्यात बाटली घालतो आणि शिपाई आल्यावर पकडण्याचं श्रेय त्याच्याच पदरात पडतं. एकाच दिवसात दुसऱ्यांदा. पटकथाकारांनी विलचं दुर्लक्षित असणं कथेतच विणलं आहे, आणि प्रेक्षक म्हणून आपणही ब्राऊनलाच शाबासकी देऊन मोकळे झालो.

विल चुकतोही, आणि त्याची चूक नीट बघण्यासारखी आहे. गव्हर्नरची मुलगी एलिझाबेथ, हिला चाच्यांकडून सोडवायला तो जहाजाच्या कठड्यावर उभा राहून पिस्तूल स्वतःवरच रोखतो. चाच्यांवरचा शाप उतरवायला त्याचंच रक्त लागणार आहे, तो मेला तर चाच्यांचं कायमचं अडलं. सौदा भक्कम. अट घालतो ती अशी, की एलिझाबेथला सोडा आणि माणसांना इजा करू नका. चाच्यांचा कप्तान बार्बोसा मान्य करतो आणि एलिझाबेथला एका ओसाड बेटाजवळ समुद्रात उडी मारायला लावतो. सोडलं तर खरं, कधी आणि कुठे ते तू सांगितलंच नव्हतंस. लोखंडात एवढा काटेकोर असलेला मुलगा शब्दांच्या बाबतीत कच्चा राहिला. पुढे मात्र त्याचा प्रत्येक सौदा हिशोबाने केलेला दिसतो.

दुसऱ्या चित्रपटात, 2006 मध्ये, फ्लाइंग डचमन या शापित जहाजावर तो त्याच्या कप्तानाला, डेव्ही जोन्सला, फाशांच्या खेळाचं आव्हान देतो. पणाला स्वतःचा आत्मा, कायमची गुलामी. बदल्यात जोन्सचं काळीज ठेवलेल्या पेटीची किल्ली. बहुतेक लोक हा प्रसंग 'बापाने मुलासाठी हरणं पत्करलं' म्हणून लक्षात ठेवतात. ते खरंच आहे. पण विल जिंकायला बसलेलाच नाही. किल्ली कुठे लपवली आहे एवढंच त्याला बघायचं आहे, आणि जोन्स ती दाखवून मोकळा होतो.

हा खेळ घरी खेळून बघा, प्रसंग दहापट उलगडतो. प्रत्येकाला पाच फासे आणि एक अपारदर्शक पेला. स्टीलचा चालेल, काचेचा नको. सगळ्यांनी एकदम हलवायचं, पेला पालथा घालायचा, फक्त आपले फासे बघायचे. पहिला खेळाडू बोली लावतो: सगळ्यांचे मिळून इतक्या फाशांवर अमुक आकडा आहे. पुढच्याने बोली वाढवायची किंवा समोरच्याला खोटारडा म्हणायचं. म्हटलं की सगळे पेले वर. बोली खरी निघाली तर आरोप करणारा हरला, खोटी निघाली तर बोलणारा. नव्याने खेळताना कुठलाही आकडा हुकमी धरू नका, हिशोब बिघडतो. हरणाऱ्याचा एक फासा काढून घ्या, म्हणजे तासभर खेळ रंगतो.

तिघे असतील तर फासे 15. समजा तुमच्या पेल्याखाली तीन पाच आहेत. उरलेल्या दहा फाशांत निदान एक पाच असण्याची शक्यता 84 टक्के, निदान दोन असण्याची जेमतेम 52 टक्के, निदान तीन असण्याची 22 टक्के. म्हणजे चारची बोली बिनधास्त, पाचची नाणेफेक, सहाची थाप. आता विलचा बाप बूटस्ट्रॅप बिल मुलाला वाचवायला शेवटी काय म्हणतो ते ऐका: बारा पाच. पंधरा फाशांत बारा पाच पडणं आंधळेपणाने मोजलं तर सुमारे 80 लाखांत एकदा. त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला कळतं की ही बोली हरण्यासाठीच आहे. हा हिशोब मनात ठेवून विलचा चेहरा बघा. बापाने काय केलं हे त्याला जोन्सच्या आधी कळलेलं असतं.

नंतर तो झोपलेल्या जोन्सच्या वळवळत्या दाढीतून ती किल्ली काढतो. लोहाराचे हात पुन्हा कामाला येतात.

त्याच चित्रपटाच्या शेवटी क्राकेन हा अवाढव्य समुद्री राक्षस जॅकच्या ब्लॅक पर्ल जहाजावर चाल करून येतो तेव्हा जहाजावर गोंधळ आहे. तो कसा हल्ला करतो हे एकाच माणसाने आधी पाहिलंय. विल तोफा थोपवून धरायला लावतो, शुंडा पुरेशा वर चढेपर्यंत. मग उरलेला दारूगोळा जाळ्यात भरून वर टांगायचा आणि शुंडा त्याभोवती गोळा झाल्या की गोळी घालायची, हा बेत त्याचाच. पिंपं सहाच भरतात, म्हणून तो रमची पिंपंही घालायला सांगतो. खलाशांचे चेहरे पडतात. शेवटी जाळ्यावर आमिष म्हणून तो स्वतःच चढतो आणि दोरात पाय अडकतो. दोरखंडाचं जाळं भाराखाली आवळतं, त्याच्या चौकटीत पाय टाकला की हेच होणार. गोळी अखेर जॅक परत येऊन मारतो. मारायलाच हवी होती, तो त्याचा मोठा क्षण आहे. पण जाळं कुणी भरलं?

तिसरा चित्रपट, 2007 चा, विलवर थोडा अन्याय करतो. सगळेच एकमेकांना विकत असतात, त्यात तोही. पिंपांना प्रेतं बांधून ईस्ट इंडिया कंपनीच्या बेकेटच्या आरमारासाठी तो माग ठेवतो. हे करताना तो सरळ नायक वाटत नाही. पण त्याचा हेतू एकदाही बदलत नाही: बापाला डचमनवरून सोडवायचं. बाकीचे अमरत्व, सत्ता, सूड यांच्यामागे फिरतात.

या चित्रपटाबद्दल मराठी माणसाची एक तक्रार नोंदवायलाच हवी. नऊ चाचे-सरदारांच्या सभेत हिंदी महासागराचा सरदार म्हणून जो बसवला आहे, त्याचं नाव संभाजी. म्हणजे सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या पुत्राचं नाव. मराठ्यांच्या आरमाराच्या प्रमुखाला, ईस्ट इंडिया कंपनीला जेरीस आणणाऱ्या घराण्याला, कंपनीच्याच शब्दांत चाचा ठरवलंय. त्यातही तो बहुतेक वेळ गप्प, त्याच्या वतीने दुसरे बोलतात, आणि तोंड उघडतो तेव्हा बारीक किनरा आवाज. ज्या चित्रपटात कंपनी खलनायक आहे, तिथे कंपनीच्या खऱ्या शत्रूची ही गत व्हायला नको होती.

आता ती पहिली तलवार पुन्हा हुडका. नॉरिंग्टन मरताना तीच तलवार जोन्सच्या अंगात घुसवतो. जोन्स ती काढून घेतो आणि स्वतःजवळ ठेवतो. भोवऱ्यातल्या लढाईत विलच्या छातीत शिरते ती हीच. मूठ नीट बघा, सोन्याची नक्षी ओळखू येते. शेपटी रुंद होती, पातं मोडलं नाही. मग जॅक स्वतःच्या अमरत्वावर पाणी सोडून विलच्या हातात शस्त्र देतो, त्याच्याच हाताने जोन्सचं काळीज भोसकतो आणि विल डचमनचा कप्तान होतो. दहा वर्षं समुद्रात, एक दिवस जमिनीवर.

2011 च्या चौथ्या चित्रपटात विल नाही. 2017 च्या पाचव्यात थोडा वेळ आहे. त्याचा मुलगा हेन्री पोसायडनचा त्रिशूळ फोडतो आणि शाप संपतो. तिथे विलच्या चेहऱ्यावर शिंपले उगवलेले का दाखवलेत याचं पटेल असं कारण आम्हाला मिळालेलं नाही. जोन्सची ती दशा झाली ती मेलेल्यांना पलीकडे नेण्याचं काम सोडल्यामुळे. विल काम सोडणाऱ्यांपैकी नव्हे.

पहिले तीन एका दिवशी बघायचे असतील तर वेळा अशा: 143, 151 आणि 169 मिनिटं, मिळून पावणेआठ तासांच्या आत. साडेदहाला सुरू करा, एकला जेवण, पावणेदोनला दुसरा, सव्वाचारला चहा, पावणेपाचला तिसरा. साडेसातच्या सुमारास आटोपतं. दोन चुका नेहमी होतात. एक, तिसऱ्यासाठी दमलेले डोळे उरतात, म्हणून जेवण हलकं ठेवा. दुसरी जास्त मोठी: नामावली सुरू झाली की दिवे लावतात. विलच्या कथेचा शेवट त्या नामावलीच्या नंतर आहे. कड्यावर एलिझाबेथ आणि मुलगा उभे असतात, दहा वर्षं पूर्ण झालेली असतात, सूर्य बुडताना क्षितिजावर हिरवी चमक उठते आणि डचमन वर येतं. चित्रपटगृहात कितीतरी लोक हे न बघताच बाहेर पडले.

ती हिरवी चमक खरी असते. सूर्याची शेवटची कड बुडताना हवेचा थर वेगवेगळ्या रंगांना थोडं थोडं वेगळं वाकवतो. लाल आधी बुडतो, निळा वाटेतच विखुरतो, शेवटी दिसण्याजोगा उरतो तो हिरवा, एक-दोन सेकंद. ठाणे शहरातून ती दिसणार नाही, कारण पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत. वाशीच्या खाडीपुलावरून सूर्य मुंबईच्या इमारतींमागे जातो. मोकळं क्षितिज हवं तर ठाणे जिल्ह्यातलाच उत्तनचा किनारा गाठा: घोडबंदर रोडने काशीमिरा, तिथून भाईंदर पश्चिम आणि पुढे उत्तन. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या स्वच्छ दिवसांत, सहाच्या आधी पोहोचा. सूर्य क्षितिजाजवळ मंद लाल गोळा झाला असेल तर हवेत धूळ आहे, त्या दिवशी आशा नको. पाण्याला टेकतानाही पिवळा आणि झगझगीत असेल तर थांबा. तोवर त्याच्याकडे बघू नका, दुर्बीण तर लावूच नका, डोळे दिपले की हिरवं काही दिसत नाही आणि इजा होते ती वेगळीच. वाळूत बसून राहा. फक्त नखाएवढी कड उरली की नजर वर करा, आणि ती बुडाली की झटकन उभे राहा. डोळे वर गेल्यामुळे क्षितिज जरा लांब सरकतं आणि सूर्यास्त पुन्हा दोन-तीन सेकंद मिळतो.